साडेतीन मिनिटांच्या केसरबाई

मैत्रिणींनो, सध्या पुन्हा तबकड्यांचं वेड आलंय म्हणे! अमेरिकेत २०२२ साली सीडींपेक्षा रेकॉर्ड जास्त खपल्या. १९८७ नंतर असं पहिल्यांदाच घडलं. मुंबई-पुण्याकडची शिकलीसवरली तरुण मंडळीही हजारो रुपये मोजून नवं रेकॉर्ड प्लेअर घेताहेत आणि दिवाणखान्यात मिरवताहेत. आणि इकडे आपल्या कोकणातल्या घरांत काय चित्र आहे? कुणा चाकरमान्यानं कधीकाळी मुंबईहून बोटीनं आणलेला ग्रामोफोन माळ्यावर पडलेला, कर्ण्याला गंज चढलेला, आणि तबकड्या एक तर फुटलेल्या, नाहीतर भंगारवाल्याच्या टोपलीत गेलेल्या. गाणं तर काय, मोबाईलवर बोट फिरवलं की हजर. चपात्या लाटता लाटता ऐकायचं, मध्येच फोन आला की बंद करायचं.

मोबाईल चांगला की तबकडी, या वादात शिरण्याआधी मला तुम्हाला एका बाईंची गोष्ट सांगायची आहे. आपल्या तेरेखोल खाडीच्या पलीकडच्या मुलखातली ही बाई. आपलं गाणं कुणी यंत्रात भरून ठेवावं, हे तिला फारसं कधी रुचलंच नाही. आणि नियतीची गंमत अशी, की माणसानं केलेल्या ज्या तबकड्या या पृथ्वीपासून सर्वांत दूर गेल्या आहेत, त्यांवर तिचाच आवाज आहे. या बाई म्हणजे सूरश्री केसरबाई केरकर.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ चा, गोव्यातल्या केरी गावचा. आपल्याकडे केरी म्हटलं की तेरेखोलच्या तोंडावरची केरी आठवते. ती ही नव्हे. ही फोंडा तालुक्यातली केरी, आणि फोंडा म्हणजेही घाटाखालचा आपला फोंडा नव्हे, गोव्यातला देवळांचा फोंडा! तेव्हा तिथं पोर्तुगीजांचं राज्य होतं. केसरबाई कलावंत समाजात जन्मल्या. देवळाची सेवा करायची, उत्सवात गायचं-नाचायचं आणि कुणा धनिकाच्या आश्रयानं आयुष्य काढायचं, अशी त्या समाजातल्या बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. लग्नाची मंगळसूत्रं त्यांच्या वाट्याला क्वचितच यायची. गाणं मात्र घरात पाण्यासारखं वाहत असायचं. केरकर, कुर्डीकर, मंगेशकर, शिरोडकर ही आडनावं बघा. गोव्यातल्या या गावांनी आपल्याला गाणं दिलं, आणि ज्यांनी ते दिलं त्या बायकांकडे समाजानं मात्र कायम तिरक्या नजरेनंच पाहिलं. त्यांचं गाणं ऐकायला सगळे पुढे, पण हळदीकुंकवाला बोलावणार कोण?

केसरबाईंच्या घरच्यांनी मुलीचा गळा ओळखला आणि वयाच्या आठव्या वर्षी तिला कोल्हापूरला नेलं. तिथं अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिक्षण सुरू झालं, पण ते जेमतेम आठ महिने टिकलं. पुन्हा गोवा. मग लामगावला रामकृष्णबुवा वझे येत, तेव्हा त्यांच्याकडे तालीम. वझेबुवा म्हणजे आपल्या सावंतवाडी संस्थानातले, म्हणजे केसरबाईंच्या गाण्याला आपल्या जिल्ह्याचाही थोडा हात लागलेला आहे हं! पण बुवा फिरते. ते आले की शिकायचं, गेले की थांबायचं. सोळाव्या वर्षी आई आणि मामाबरोबर त्या मुंबईला आल्या. शेठ विठ्ठलदास द्वारकादास या धनिकांच्या मदतीनं बरकतुल्ला खाँ या नामांकित सतारियांकडे शिकणं सुरू झालं. तेही म्हैसूर दरबारी गेले. मग काही दिवस भास्करबुवा बखल्यांकडे.

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगतेय, की आपल्याकडे मुलीचं शिक्षण असं तुटत तुटत होणं काही नवीन नाही. कधी गुरुजींची बदली, कधी घरातलं आजारपण, कधी पैसे नाहीत. बहुतेकींचं तिथंच संपतं. केसरबाईंचं वीस वर्षं हे असंच चाललं होतं. दुसरी कुणी असती तर येईल तेवढ्या गाण्यावर मैफली करून पैसे मिळवत बसली असती, आणि त्यात गैरही काही नव्हतं.

त्यांनी मात्र अल्लादिया खाँसाहेबांकडेच शिकायचं ठरवलं. खाँसाहेब म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याचे मूळ पुरुष. तरुणपणी अति गाऊन त्यांचा आवाज बसला होता. वर्ष-दोन वर्षं गळा साथ देईना. त्या मोडक्या आवाजातून त्यांनी स्वतःसाठी नवीनच गायकी घडवली. दमदार आकार, एकातून एक निघत जाणाऱ्या पेचदार ताना आणि इतरांना नावंही ठाऊक नसलेले अनवट राग. शाहू महाराजांच्या पदरी ते कोल्हापूरला होते. अशा माणसानं सहजासहजी कुणाला शिष्य म्हणून घेणं शक्यच नव्हतं. केसरबाईंनी चिकाटी सोडली नाही, आणि अखेर १९२१ साली त्यांची तालीम सुरू झाली. तेव्हा बाई एकोणतीस वर्षांच्या होत्या आणि खाँसाहेब साठी ओलांडलेले. ज्या वयात आपली दोन बाळंतपणं उरकून मुलांच्या शाळेच्या डब्यांची लगबग सुरू झालेली असते, त्या वयात या बाईनं पहिल्यापासून सूर लावायला बसायचं ठरवलं!

ही तालीम पुढे अकरा वर्षं अखंड चालली. तासन्‌तास एकच पलटा, एकच जागा. गळ्याला पडलेल्या जुन्या सवयी आधी मोडायच्या आणि मग नव्या बसवायच्या. भिंत पाडून घर बांधण्यासारखंच ते. १९३० च्या सुमारास त्या खऱ्या अर्थानं मैफली गाजवू लागल्या. तरी शिकणं थांबलं नाही. १६ मार्च १९४६ ला खाँसाहेब गेले, तोवर त्या त्यांच्या शिष्याच होत्या.

इथं आपल्या विषयाचा धागा लागतो. अल्लादिया खाँसाहेबांच्या आवाजाची एकही तबकडी नाही. ते नव्वद वर्षं जगले, त्यांच्या हयातीत ग्रामोफोन कंपन्या दारोदार गवयी शोधत फिरत होत्या, पण हा माणूस यंत्रापुढे गायलाच नाही. भास्करबुवा बखले १९२२ ला वारले, त्यांचंही गाणं असंच हवेत विरलं. करीम खाँसाहेबांच्या तबकड्या मात्र आहेत, म्हणून आज त्यांचा तो रेशमी स्वर आपल्याला ऐकता येतो. एकाच काळातली ही मोठी माणसं. एक आपल्या कानाशी आहे आणि बाकीच्यांची नुसती वर्णनं वाचायची.

का गायले नसतील? त्या काळी कुणाला वाटे, आपल्या घराण्याच्या चिजा चोरीला जातील. कुणाला वाटे, यंत्रात गायलं की गळा जातो. आणि तबकडी हा प्रकारही तसा अडचणीचाच होता. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांच्या गाण्याचं मुद्रण झालं, तिथपासून आपल्याकडे हा उद्योग वाढला. १९०८ ला कोलकात्यात तबकड्यांचा कारखानाही निघाला. लाख आणि दगडाची भुकटी मिसळून केलेली ती काळी, जड तबकडी. हो, तीच लाख, बांगड्यांची असते ती! मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे फिरायची. तिच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, जास्त नाही. सुरुवातीला माइकही नव्हता. भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून ओरडल्यासारखं गावं लागे. १९२५ नंतर माइक आले, आवाज बरा येऊ लागला, पण वेळेची चौकट तीच राहिली.

आता विचार करा. तासभर एक राग मांडणारा गवई तीन मिनिटांत काय दाखवणार? जत्रेचा अख्खा दशावतार कुणी चहाच्या कपाएवढ्या वेळात करायला सांगितला तर गणपती येऊन जाईपर्यंतच खेळ आटपायचा!

पण बायकांच्या दृष्टीनं या तबकडीनं एक मोठं काम केलं, ते विसरता येणार नाही. ज्या बाईला घराच्या उंबऱ्याआत कुणी घेतलं नसतं, तिचा आवाज तबकडीवर बसून सरळ माजघरापर्यंत गेला. घरातल्या लेकीसुनांना मैफलीला जायची सोय नव्हती. त्यांनी पहिल्यांदा रागदारी ऐकली ती या कर्ण्यातून. सोवळ्यातल्या सासूबाईही देवघरात बसून कलावंतिणीचं भजन ऐकू लागल्या. हे कुणा सुधारकाच्या भाषणानं झालं नाही, किल्ली देऊन फिरवायच्या एका पेटीनं झालं. पुढे नाटक, रेडिओ, सिनेमा आले आणि गाणाऱ्या बाईला हळूहळू मान मिळू लागला, त्याची पहिली पायरी ही होती असं मला वाटतं.

केसरबाईंनी तबकड्या दिल्या, नाही असं नाही. एच.एम.व्ही. आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांनी त्या काढल्या. ललत, तोडी, देसी, नट कामोद, मारू बिहाग, गौड मल्हार, मालकंस, भैरवी... त्यांतली एखादी ऐकून बघा. इतरांच्या तबकड्यांत कधी कधी घाई जाणवते, सगळं कोंबून भरलेलं असतं. बाई मात्र त्या साडेतीन मिनिटांतही आपली चाल सोडत नाहीत. पहिला षड्ज भरघोस लागतो, मग आवाज गाभ्यासकट वर चढतो, आणि तान सुरू झाली की श्वास कुठं घेतला ते कळत नाही. पुरुषी म्हणावा असा जाड, खुला आवाज. आपल्याला बाईच्या गळ्यातून नाजूक, गोड ऐकायची सवय लागलीय ना, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना थोडं दचकायलाच होतं.

मात्र त्यापुढे त्या गेल्या नाहीत. रेडिओवर त्यांनी गाणं टाळलं. ज्या काळात आकाशवाणीवर नाव येणं म्हणजे मोठेपणाची मोहोर, त्या काळात! मैफलीत कुणी चोरून मुद्रण करत नाही ना, यावर त्यांचं बारीक लक्ष असे, असं सांगतात. माइकशीही त्यांचं फार सख्य नव्हतं. आवाजच असा, की दिवाणखान्याच्या शेवटच्या लोडापर्यंत आपला आपण पोचायचा. समोर बसलेल्यांनी मन लावून ऐकलं पाहिजे, हा त्यांचा दंडक. कुजबुज केलेली, मध्येच उठलेलं त्यांना खपत नसे.

लोक याला गर्व म्हणत. थोडा असेलही. पण दुसऱ्या बाजूनंही बघायला हवं. मैफल ही त्यांची मिळकत होती. राजेरजवाडे, उद्योगपती भारी बिदागी देऊन बोलावत, ती बाईंनी स्वतः ठरवलेली असे. ज्या समाजातल्या बाईची किंमत पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी ठरवली, त्या समाजातली ही बाई आपल्या गाण्याचं मोल स्वतः ठरवत होती, कुठं गायचं आणि कुठं नाही हेही ठरवत होती. ते गाणं चहाच्या टपरीवर, पानाच्या ठेल्यावर कपबशांच्या आवाजात वाजावं, हे त्यांना कसं मानवणार? आज आपण एखादा राग लावून भांडी घासतो तेव्हा माझ्या मनात कधी कधी येतं, बाई असत्या तर चिमट्यानं फोनच काढून घेतला असता!

आणि तरीही, मला त्यांचं सगळंच पटतं असं नाही. मुद्रण नको म्हणताना त्यांनी स्वतःचं जपलं, पण पुढच्यांचं काय? तासतासभर रंगलेल्या त्या मैफलींतलं फार थोडं आज हाताशी आहे. काही मैफलींची खासगी मुद्रणं तेवढी फिरतात. बाकी सारं त्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तुकड्यांत. समुद्र बघायला जावं आणि कुणीतरी तांब्याभर पाणी हातात द्यावं, तसं. शिष्यांच्या बाबतीतही त्यांचा हात आखडता होता. खाँसाहेबांची तालीम दुसऱ्या कुणाला फारशी मिळू नये असा त्यांचा हट्ट असे आणि त्याची झळ मोगूबाई कुर्डीकरांना बसली, असं संगीताच्या जाणकारांत सांगितलं जातं. मोगूबाईही गोव्याच्याच, कुर्डीच्या. ते गाव पुढे साळावली धरणाखाली गेलं. दोघी एकाच गुरूच्या, दोघी सारख्याच परिस्थितीतून आलेल्या. एकमेकींना हात दिला असता तर? पण एकाच ताटात जेवायला वाढलेलं पुरत नसेल तर बहिणी-बहिणीही भांडतात, तिथं या दोघींना दोष कसा द्यायचा? मोगूबाईंनी पुढे आपली लेक किशोरीताई आमोणकर यांना घडवलं. केसरबाईंनी आपल्या मुलीला गाण्यात आणलं नाही, तिला डॉक्टर केलं. या एका निर्णयात काय काय असेल, ते आया असलेल्या आपण सगळ्या ओळखू शकतो.

मानसन्मान भरपूर मिळाले. रवींद्रनाथ टागोर त्यांच्या गाण्यावर लुब्ध होते. कोलकात्याच्या संगीतप्रेमींनी १९४८ साली सूरश्री ही पदवी दिली आणि ती नावालाच चिकटली. १९५३ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ ला पद्मभूषण, त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारकडून राज्यगायिकेचा बहुमान.

१९६३-६४ च्या सुमारास त्यांनी मैफली थांबवल्या. सत्तरी गाठली होती. लोकांनी गळा उतरला म्हणायच्या आत आपण उठावं, हा त्यांचा विचार. हे मात्र मला फार आवडतं. याच सुमारास त्यांनी धोंडूताई कुलकर्णी यांना शिकवायला घेतलं. धोंडूताई कोल्हापूरच्या, आधी खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडे तयार झालेल्या. इतक्या वर्षांत मनापासून विद्या दिली ती एवढ्या एकीलाच. समोरासमोर बसून, तोंडानं तोंडाला. धोंडूताईंनी हे देणं आयुष्यभर सांभाळलं. त्या २०१४ साली गेल्या.

आता १९७७ साल. अमेरिकेची नासा ही संस्था दोन याने आकाशात सोडणार होती. व्हॉयेजर १ आणि व्हॉयेजर २. गुरू, शनी बघून ती पुढे सूर्यमालेच्याही बाहेर जाणार, परत कधी येणार नाहीत. पुढेमागे कुणा परक्या जिवाला सापडलीच तर त्याला पृथ्वीवरच्या माणसांची ओळख पटावी, म्हणून दोन्ही यानांवर एकेक तबकडी बसवायचं ठरलं. कार्ल सेगन हे शास्त्रज्ञ त्या कामाचे प्रमुख होते. तबकडी तांब्याची, वर सोन्याचा मुलामा. तीत पंचावन्न भाषांतले नमस्कार भरले, त्यात आपली मराठीही आहे. पावसाचा, पक्ष्यांचा, बाळाच्या रडण्याचा आवाज भरला. आणि सगळ्या जगातून निवडलेल्या संगीताचे फक्त सत्तावीस तुकडे. बाख आणि बीथोव्हेनसारख्या युरोपातल्या थोर संगीतकारांच्या पंगतीत भारताचा म्हणून एकच तुकडा आहे. केसरबाईंची भैरवी, ‘जात कहां हो’.

रॉबर्ट ब्राऊन नावाच्या अमेरिकन संगीत-अभ्यासकांनी ती सुचवली होती. भारतीय रागसंगीताचं याहून सुंदर मुद्रण नाही, असं त्यांचं ठाम मत. पण ती रेकॉर्ड मिळेना! शोधाशोध सुरू झाली. अखेर न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, मागच्या बाजूला टेबलाखाली धूळ खात पडलेल्या खोक्यात तिच्या तीन कोऱ्या प्रती सापडल्या. तेव्हा माळ्यावरची खोकी भंगारात घालण्याआधी एकदा उघडून बघा, एवढंच म्हणते!

त्या चिजेत एकट्याच निघालेल्या मुलीला, कुठं चाललीस म्हणून विचारलेलं आहे. व्हॉयेजर २ हे यान २० ऑगस्टला निघालं, व्हॉयेजर १ हे ५ सप्टेंबरला. आणि १६ सप्टेंबर १९७७ ला, म्हणजे दुसरं यान निघाल्यावर अवघ्या अकरा दिवसांनी, पंच्याऐंशी वर्षांच्या केसरबाई गेल्या.

व्हॉयेजर १ नं २०१२ साली सूर्याच्या प्रभावाची हद्द ओलांडली, व्हॉयेजर २ नं २०१८ साली. पहिलं यान आज आपल्यापासून २४ अब्ज किलोमीटरहून लांब आहे. त्याचा संदेश प्रकाशाच्या वेगानं यायलाही तेवीस तासांच्या वर लागतात. शेजारच्या टपरीवर वाजू नये म्हणून जपलेलं गाणं कुठल्या कुठं निघालंय बघा!

आणि हे गाणं खाचांच्या तबकडीवरच आहे, बरं का. त्या काळात घरोघरी तीच होती हे तर झालंच, पण तबकडीचा एक गुण असा, की ती वाजवायला फार काही लागत नाही. खाच, सुई आणि फिरवणारा हात. यानावर सुईसुद्धा ठेवलीय, आणि कशी फिरवायची ते झाकणावर चित्रांनी कोरलंय. मिनिटाला सोळा-सतरा फेरे, म्हणजे आपल्या लाँगप्लेच्या निम्म्या वेगानं. उलट तुमच्या-माझ्या मोबाईलमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे. ते वाचणारं यंत्र आणि त्याची रीत माहीत नसेल तर आतून सूर निघणार नाही. आपल्याच घरात बघा ना, दहा-पंधरा वर्षांपूर्वी हौसेनं भरलेल्या सीडी आज लावायच्या कशावर?

आमच्या मंडळातल्या बायकांनी मागे एकदा गंमत केली. एकीच्या माहेरी चालू स्थितीतला प्लेअर आहे, तिथं जमून आधी मोबाईलवर आणि मग तबकडीवर जुनं गाणं ऐकलं. मोबाईलवर बहुतेकींना गाणं आवडलं, पण दोन मिनिटांत गप्पा सुरू झाल्या. तबकडी लावली तेव्हा खरखर ऐकून आधी हसू फुटलं, मग हळूहळू सगळ्या गप्प. फिरणारी तबकडी दिसते म्हणून की काय, नजर तिथंच खिळते. आणि संपली की उठून उलटी करावी लागते, त्यामुळे आपण ऐकतोय याचं भान राहतं. एकजण म्हणाल्या, तानपुरा पहिल्यांदाच ऐकू आला.

त्यांना तो का ऐकू आला, याचं कारण मी नंतर एका जाणत्याला विचारलं. त्यानं सांगितलं, की दोष मोबाईलमधल्या गाण्याचा कमी आणि त्याच्या नखाएवढ्या स्पीकरचा जास्त. त्यातून खर्जाचे सूर निघतच नाहीत. सीडी एका सेकंदात आवाजाची ४४ हजार १०० मापं घेते, त्यात कानाला कळेल असं फारसं काही सुटत नाही. एमपीथ्रीत मात्र जागा वाचवण्यासाठी कानाला बहुधा कळणार नाहीत ते बारकावे गाळून टाकतात. नारळाचा पहिला रस आणि दुसरा रस यांतला फरक जिला कळतो तिला हे वेगळं सांगायला नको. पण झिजलेल्या तबकडीपेक्षा नीट केलेलं नवं मुद्रण शंभरपट बरं, हेही तितकंच खरं. जुनी खरखर काढून टाकायच्या नादात आवाजाची धार बोथट केली तर मात्र बाई ओळखू येत नाहीत. केसरबाईंची एकच चीज तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी साफ केलेली ऐकायला मिळते, जरूर ताडून बघा.

तबकडीच श्रेष्ठ असं म्हणणाऱ्यांचं मला म्हणूनच थोडं हसू येतं. त्यांच्याकडे वेळ आहे, पैसा आहे, वेगळी खोली आहे. आपल्या गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या आजींना नातीनं फोनवर भैरवी लावून दिली, तर तिला नावं कोण ठेवणार? ते तेवढं सोपं झालंय ते या मोबाईलमुळेच. फक्त दिवसातली साडेतीन मिनिटं गॅस बंद करून, कानाला बरा हेडफोन लावून, एका जागी बसायचं. केसरबाईंना एवढंच तर हवं होतं.

केरी गावात त्यांचं जन्मघर आहे, जवळच सूरश्री केसरबाई केरकर हायस्कूल आहे. गोव्याची कला अकादमी त्यांच्या नावानं संगीत संमेलन भरवत आली आहे. मालवण-सावंतवाडीहून सकाळी निघालं तर केरी पाहून रात्री घरी येता येतं. मंडळाची सहल मंगेशी-शांतादुर्गेला नेताच ना, तर वाकडी वाट करून इथंही थांबा.

आणि हो, माळ्यावर खरंच तबकड्या निघाल्या तर थोडी काळजी घ्या. आडव्या एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. चुलीच्या वरच्या माळ्यावर आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीशी नको. बुरशी आली असेल तर मऊ, स्वच्छ फडक्यानं खाचांच्या दिशेनं गोल पुसा. जुन्या जड तबकड्यांना स्पिरिट चुकूनही लावू नका. त्यात लाख असते, ती विरघळते आणि गाणं जातं. या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांची खाच रुंद असते, नव्या प्लेअरची लाँगप्लेची बारीक सुई त्यांना चालत नाही, जाडी वेगळी मिळते. आणि कागदी पाकीट फाटलं असलं तरी टाकू नका.